सातवीच्या वर्गातली बिनविरोध निवडणूक

बदनापूरच्या त्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना ‘प्रस्तावना’ आणि ‘हेतुकथन’ हे शब्द आमच्याइतकेच पाठ होते. दरवर्षी जालन्याच्या बी.एड. कॉलेजातून आमच्यासारख्यांची एक तुकडी तिथे सराव पाठ घ्यायला जायची. पाचवीपासून ती मुलं नवशिक्या शिक्षकांचे पाठ ऐकत मोठी झाली होती. कोण घाबरलंय, कोणाचा तक्ता उलटा लागलाय, कोणाचा पाठ घंटेच्या आधी संपणार नाही, हे त्यांना आमच्या आधी कळायचं.

सराव पाठाची एक ठरलेली रीत असते. वर्गात गेल्या गेल्या विषयाचं नाव सांगायचं नाही. तीन-चार प्रश्न असे विचारायचे की विषय मुलांच्याच तोंडून यावा. ही प्रस्तावना. मग शिक्षकाने ‘आज आपण अमुक घटकाचा अभ्यास करणार आहोत’ असं म्हणून ते नाव फळ्यावर लिहायचं. हे हेतुकथन. प्रश्न चुकीच्या दिशेने गेले की हेतुकथनापर्यंत पोचताच येत नाही आणि मागे बसलेले सर वहीत काहीतरी लिहायला लागतात.

माझा तिथला पहिला पाठ भूगोलाचा होता, पर्जन्यमानाचा. मी विचारलं, “आकाशात काय दिसतं?” मुलं म्हणाली, ढग. “ढगांतून काय येतं?” पाऊस. “पाऊस कमी पडला तर काय होतं?”

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा उभा राहिला. “टँकर येतो, मॅडम.”

वर्ग हसला. उत्तर चुकीचं नव्हतं. बदनापूरच्या आसपासच्या कुठल्याही गावात तेच उत्तर मिळालं असतं. पण पाठाची आखणी लिहिलेल्या माझ्या टाचणात टँकर नव्हता. टँकरवरून पर्जन्यमानाकडे कसं जायचं ते मला सुचेना. मी खडू हातात धरून उभी राहिले. तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, दोन वेण्या वर बांधलेली, ओठ फारसे न हलवता म्हणाली, “पर्जन्यमान, मॅडम. लिहा फळ्यावर.”

गुंडाळलेल्या तक्त्याच्या मागच्या बाजूने तिला ते उलटं दिसलं होतं आणि तिने ते वाचलं होतं.

मी लिहिलं. पाठ पुढे सरकला. त्या दिवशी परतीच्या पॅसेंजरमध्ये माझ्या मैत्रिणी एकमेकींना पाठातल्या गमती सांगत होत्या. मी खिडकीशी बसून टँकरनंतर काय विचारता आलं असतं याचा विचार करत होते.

माझं शिक्षण जालन्यात इंग्रजी शाळेत झालं. घरी मराठीच बोलायचो, पण ती घरची मराठी. खोरं, पठार, मतदारसंघ, विधिमंडळ हे शब्द मी बी.एड.ला आल्यावर सातवीच्या पुस्तकातून शिकले. ते मला येत होते, पण तोंडातून बाहेर पडताना कोरे करकरीत वाटायचे. मुलांना ते कळायचं. “मॅडम, तुमी बातम्यावाणी बोलता,” असं एकाने मला सांगितलं होतं. तो वाईट बोलत नव्हता. त्याला ते आवडलं असावं.

खरी अडचण भाषेची नव्हती. माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नव्हता. शाळेत असतानाही मी कधी हात वर केला नव्हता. उत्तर येत असलं तरी दुसऱ्या कोणी द्यावं अशी वाट पाहायचे. अशा मुलीने बी.एड. का करावं, हे आमच्या घरी सगळ्यांनाच कोडं होतं. वडील म्हणाले होते, “बँकेची परीक्षा दे. तिथं बोलावं लागत नाही.” पण मला शिकवायचं होतं. वर्गात बसून मी वर्षानुवर्षं शिक्षकांकडे पाहत आले होते. कोण फळ्याशी बोलतं, कोण पहिल्या बाकाशी, कोण खिडकीबाहेर बघत बोलतं. मला त्यातलं काही कळतं असं वाटायचं.

आम्हाला सामाजिक शास्त्रांची अध्यापन पद्धती शिकवणारे सर स्पष्ट बोलायचे. फेब्रुवारीत त्यांनी मला बोलावून सांगितलं, “तुमचं टाचण सोन्यासारखं आहे. पण टाचण बोलत नाही, ताई. बोलावं तुम्हाला लागतं. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक असतील. त्यांना ऐकूच आलं नाही तर मी काय करणार?”

वार्षिक पाठात नापास म्हणजे ते वर्ष गेलं. माझ्या जुन्या शाळेत जूनपासून सामाजिक शास्त्रांची एक जागा रिकामी होणार होती. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, निकाल घेऊन ये, मग बघू. ती जागा वर्षभर माझ्यासाठी थांबली नसती. घरचेही थांबले नसते. पाठ बिघडला तर बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायचा, हे न बोलता ठरल्यासारखं होतं.

त्याआधी माझा एकच पाठ बरा झाला होता. तो इतिहासाचा होता, निजामी राजवटीतल्या मराठवाड्याचा. मी मुलांना आदल्या दिवशी सांगितलं होतं की घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारून या: तुम्ही शाळेत होता तेव्हा काय शिकायचात? मुलांनी काय काय आणलं. कोणाचे आजोबा शाळेतच गेले नव्हते. कोणाची आजी म्हणाली, शाळा कसली, शेण गोळा करायची. त्या उंच मुलाचे आजोबा मात्र उर्दूतून शिकले होते. “आजोबा म्हणले, गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. घरी मराठी अन् शाळंत उर्दू. आजून बी ते पाढे उर्दूतच म्हणून राह्यले.” त्याने दोनाचा पाढा आजोबांच्या चालीवर म्हणून दाखवला. वर्ग खूश. मला ते आजोबा न बघताच जवळचे वाटले, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

सर म्हणाले होते, “पाठ चांगला झाला. पण त्यात तुम्ही कुठं होतात?”

मला तर त्यातलं तेच आवडलं होतं. मुलं बोलली की मला कमी बोलावं लागतं. वार्षिक पाठासाठी नागरिकशास्त्रातला ‘निवडणूक’ हा घटक मी निवडला तो याच हिशेबाने. वर्गात खरोखरची निवडणूक घ्यायची. वर्गप्रतिनिधी निवडायचा. उमेदवार दोन-दोन वाक्यं बोलतील, मुलं रांगेत येऊन मत देतील, मतदान अधिकारी मुलंच, मोजणारीही मुलंच. मी फक्त मधून मधून ‘गुप्त मतदान’, ‘मतदार यादी’ असे शब्द फळ्यावर लिहीन. मी बुटाच्या खोक्याला पांढरा कागद चिकटवून वर फट पाडली. चार चिन्हं काढली: छत्री, शिट्टी, कपबशी आणि पाटी. बोटाला लावायला निळ्या शाईची दौत आणि काडेपेटीतली एक काडी घेतली. इतकं साहित्य आमच्या तुकडीत कोणाचंच नव्हतं.

आदल्या दिवशी वर्गाशी बोलायला दहा मिनिटं मिळायची. मी मुलांना सांगितलं, उद्या निवडणूक आहे, कोणाला उभं राहायचं आहे? तीन मुलगे उठले. पहिला तो मागच्या बाकावरचा उंच मुलगा. मग दुसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

“आरं, ही बी!” मुलांच्या बाजूने आवाज आला.

“हिची काकू मेंबर होती ना,” दुसरा म्हणाला. हसणं झालं. मुलीने हात खाली घेतला नाही. मी तिला पाटी हे चिन्ह दिलं.

जायला निघाले तेव्हा उंच मुलगा आणि त्याचे दोन साथीदार दाराशी आले.

“मॅडम, उद्या तुमचा मोठा पाठ हाये ना? बाहेरचे सर येणार?”

“हो.”

“मंग टेन्शन घेऊ नका. उत्तर येत असलं तर आमी उजवा हात वर करतो. येत नसलं तर डावा. तुमी उजव्या हातवाल्यालाच उठवा. मांगच्या साली एका सरांचं असंच जमवलं.”

“तसं नको,” मी म्हणाले.

“बरं, न्हाई तं न्हाई. पर टायमाचं बघा, मॅडम. सगळ्या वर्गाचं मतदान म्हणजे लई टाइम लागल. त्या सरांचा पाठ घंटीत अडकल्ता, मंग त्यांचे मार्क कटले.”

मी म्हटलं, होईल वेळेत. ते एकमेकांकडे बघत मधल्या सुट्टीला पळाले. त्या मुलांना माझी काळजी वाटत होती, हे मला तेव्हा दिसलं होतं. त्या काळजीचं ते पुढे काय करणार आहेत, ते नाही दिसलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मागच्या बाजूला दोन खुर्च्या होत्या. एकीवर आमचे सर. दुसरीवर बाहेरून आलेले परीक्षक, वयस्कर, चष्मा कपाळावर सरकवलेले. वर्गशिक्षिका बाई खिडकीजवळ स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी वर्षभरात माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं होतं, पण माझ्या प्रत्येक पाठाला त्या आपलं विणकाम बाजूला ठेवायच्या.

प्रस्तावना चांगली झाली. गावाचा कारभार कोण बघतं? ग्रामपंचायत. तिथे माणसं कशी जातात? निवडून. मी हेतुकथन केलं. फळ्याच्या डाव्या बाजूला ‘निवडणूक’, त्याखाली ‘उमेदवार’ लिहिलं. उजव्या बाजूला ‘मतदान’ लिहून खाली मोठी जागा सोडली. खोका टेबलावर ठेवला. मग म्हटलं, “उमेदवारांनी पुढे यावं.”

एकटा उंच मुलगा पुढे आला. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. कधी घातला ते मला दिसलं नाही. त्याच्या मागोमाग त्याचा एक साथीदार आला आणि त्याने खिशातून कागदाची पुडी काढून मित्राच्या कपाळाला गुलाल लावला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

“हे काय?” मी विचारलं.

“इलेक्शन झालं, मॅडम,” साथीदार म्हणाला. “बिनविरोध झालं.”

मागे आमच्या सरांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

“कसं झालं?”

“कालच केलं, मधल्या सुट्टीत. म्हणलं मॅडमचा टाइम वाचल. आता तुमी फक्त जाहीर करा, अन् गृहपाठ द्या. घंटीच्या आधी बराबर होतंय.”

तो हे माझ्या कानात सांगावं तसं हळू बोलला, पण वर्ग इतका शांत होता की मागच्या खुर्च्यांपर्यंत सगळं ऐकू गेलं.

माझ्या टाचणात पुढच्या सगळ्या पायऱ्या मतदानाच्या होत्या. रांग, शाई, चिठ्ठी, खोका, मोजणी. एकच उमेदवार असेल तर यातलं काहीच होत नाही. ‘असं चालत नाही, पुन्हा चौघं उभे राहा’ असं मी म्हणू शकले असते. एखाद्या धीट शिक्षिकेने म्हटलंही असतं. मला ते म्हणवलं नाही, कारण त्या मुलाच्या कपाळाला गुलाल होता आणि तो माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होता. मग मला एवढंच सुचलं.

“कुठं बसला होतात?”

“हातपंपाजवळ, लिंबाखाली.”

मी फळ्याकडे वळले आणि ‘मतदान’ या शब्दाखालच्या रिकाम्या जागेत लिहिलं: हातपंपाजवळ बैठक.

“कोण कोण होतं?”

“आमी तिघं उमेदवार. अन् मोठे चार-पाच.”

“मोठे म्हणजे?”

“मागच्या बाकावरचे, मॅडम.”

हसू उसळलं. मी तेही लिहिलं.

“मग काय ठरलं?”

आता तिघं-चौघं एकदम बोलायला लागले. गुढीपाडव्यापर्यंत हा, पाडव्यानंतर तो. तिसऱ्याला क्रिकेटचा कॅप्टन केलं. “म्हणजे कुणी नाराज न्हाई राह्यलं पाहिजे, मॅडम.” बिनविरोध झालं की भांडण होत नाही. बिनविरोध झालं की खर्चा वाचतो. आमच्या गावात तं पंधरा साल झाले इलेक्शनच न्हाई, मारुतीच्या पारावर बसले की झालं. आमच्यात बी तसंच. मी लिहीत गेले. फळा भरत गेला. माझ्या टाचणात यातला एकही मुद्दा नव्हता.

“बाकीचा वर्ग कुठं होता?”

“बाकीचे डबे खाऊ राह्यले होते.”

“मुली?”

“मुलींचं काय काम, मॅडम?” हे कोणी म्हटलं ते कळलं नाही. मुलींच्या बाजूने ‘ए’ असा आवाज आला.

“चार उमेदवार होते,” मी म्हणाले. “तुम्ही तिघांचं सांगितलंत.”

उंच मुलाने हार सारखा केला. “तिचा प्रश्नच न्हाई, मॅडम. तिनं माघार घेतली.”

“का?”

“जागा लेडीज न्हाई ना.”

तो हे अगदी सरळ बोलला. मुलींच्या बाजूलाही ते पटलेलं होतं. दोघी-तिघींनी तर माना डोलावल्या. मी दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. ती मुलगी उभी राहिली, मी न सांगताच.

“मॅडम, आमचा वार्ड लेडीज होता तवा माझी काकू मेंबर होती. आता वार्ड खुला झाला, मंग काका उभे राह्यले. काकू म्हणली, आपला नंबर संपला.”

“मग काल तू नाव का दिलंस?”

“मला वाटलं शाळंत तसं नसंल. ह्यांनी सांगितलं, शाळंत बी तसंच असतंय.”

ती रडत वगैरे नव्हती. नियम माहीत नसताना मध्ये गेल्याचा संकोच तिच्या चेहऱ्यावर होता. तो संकोच मला पक्का ओळखीचा होता.

मी टेबलाच्या पुढे आले. टाचण टेबलावरच राहिलं. “ऐका,” मी म्हणाले, आणि मागच्या बाकावरच्या मुलांनी माना वर केल्या. मला आठवतं ते एवढंच, की माना वर झाल्या. “बायकांसाठी राखीव जागा म्हणजे, त्या जागेवर फक्त बाईलाच उभं राहता येतं. खुली जागा म्हणजे, कोणालाही. पुरुषाला, बाईलाही. खुल्या जागेवर बाई उभी राहू शकत नाही असा नियम कुठेच नाही. नव्हताही.”

वर्गात चुळबुळ झाली. उंच मुलगा हिशेब करत होता.

“म्हणजे मॅडम, लेडीज जागेवर बी लेडीज, अन् खुल्या जागेवर बी लेडीज? हे तं डबल झालं!”

“मंग आपल्याला काय राह्यलं?” त्याचा साथीदार म्हणाला.

“खुली जागा तुमचीही आहे,” मी म्हणाले. “उभं राहायचं, आणि मतं मिळवायची. तीसुद्धा तेच करेल.”

“हातपंपापाशी बसून न्हाई का?”

“बसा की. पण ती बसली होती का तिथे?”

त्याने हारातली एक पाकळी तोडली. मुलींच्या बाजूने कोणीतरी हसलं, यावेळी मोठ्याने.

मुलगी अजून उभीच होती. “मॅडम, मंग काकूला हे कुणी कामून न्हाई सांगितलं?”

शिक्षकाने वर्गात ‘मला माहीत नाही’ म्हणायचं नसतं. पाठ निरीक्षणाच्या तक्त्यात त्याला वेगळे गुण नसतात, पण कापले जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मला माहीत नाही.”

ती मान हलवून म्हणाली, “माझं नाव परत लिहा.”

मी फळ्यावर ‘उमेदवार’ या शब्दाखाली उंच मुलाचं नाव आणि त्याच्या शेजारी तिचं नाव लिहिलं, तिच्या नावापुढे पाटीचं चिन्ह काढलं. बाकीच्या दोघांकडे पाहिलं. एकाने नको नको म्हणून हात हलवला. त्याला कॅप्टन व्हायचं होतं. दुसरा म्हणाला, लिहा मॅडम, शिट्टी. मी खोका पुढे ओढला, शाईच्या दौतीचं बूच काढलं, आणि घंटा झाली.

“अडकला,” साथीदार हळहळला. “मॅडम, पाठ अडकला. आमी म्हणलं होतं ना.”

गृहपाठ द्यायचा राहिला होता. शेवटी मुद्दे गोळा करायचे ते संकलन राहिलं होतं. मतदानाच्या पाठात मतदान राहिलं होतं.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत परीक्षकांसमोर बसावं लागलं. त्यांनी माझं टाचण उघडलं आणि पानावरून बोट खाली नेलं.

“पायऱ्या किती लिहिल्यात. झाल्या किती?”

“दोन, सर.”

“खोका कशाला आणला होता?”

“मतदानासाठी.”

“मग घेतलं का नाही?”

“बिनविरोध झालं होतं, सर.”

आमच्या सरांना खोकला आला. परीक्षकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही इंग्रजी शाळेतल्या ना? मग ते हातपंपाचं विचारायचं कसं सुचलं?”

“दुसरं काही सुचलं नाही, सर.”

ते टाचणाच्या शेवटच्या पानावर बराच वेळ लिहीत राहिले. मला उलटं वाचता येत नव्हतं. त्या मुलीला आलं असतं.

परतीच्या वाटेवर स्टेशनच्या बाकावर सर माझ्या शेजारी येऊन बसले. सर असे कधी बसायचे नाहीत. “गृहपाठ नाही, संकलन नाही,” ते म्हणाले. “मी तुमच्या जागी असतो तर त्या पोराला खाली बसवलं असतं आणि टाचणाप्रमाणे पुढे गेलो असतो. पास झालो असतो, शंभर टक्के.” गाडी येताना दिसली. ते उठले. “ऐकू मात्र येत होतं, ताई. शेवटपर्यंत ऐकू येत होतं.” याचा अर्थ पास की नापास, हे मी जालना येईपर्यंत लावत होते.

निकालाला वेळ होता. तोपर्यंत मी घरी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं समोर ठेवून बसायचे. वडील येता-जाता पुस्तकाकडे बघायचे, माझ्याकडे नाही.

काही दिवसांनी आमची तुकडी शाळेचा निरोप घ्यायला बदनापूरला गेली. मी सातवीच्या वर्गाकडे गेले. खोका तिथेच विसरला होता. वर्गशिक्षिका बाई दारातच भेटल्या.

“खोका घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “माझं काम झालं.”

“तुम्ही घेतलंत मतदान?”

“न घेऊन सांगते कुणाला! तुम्ही पोरींच्या डोक्यात भरवून गेलात, अन् सांभाळायचं मी. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या माझ्या टेबलाभोवती. बाई, मतदान कधी? बाई, मतदान कधी?” त्यांच्या बोलण्यात तक्रार होती, पण खोका त्यांनी नीट कपाटात ठेवलेला होता. “शाई सांडली मात्र माझ्या साडीवर. ती काही निघाली नाही.”

“कोण आलं निवडून?”

“तोच. हारवाला. पण घाम फुटला त्याला.”

दोन वेण्यांची मुलगी व्हरांड्यात उभी होती. तिच्या बोटावरची शाई फिकट झाली होती. मी जवळ गेले. ती स्वतःच म्हणाली, “मॅडम, मी हारले.”

“कळलं.”

“पर मला मुलांनी बी मतं दिली. पोरी हायेत त्याच्यापरीस जास्त पडली. कुणी दिली ते कळत न्हाई ना पण.”

“गुप्त असतं.”

“हां, तेच ना.” तिला ती गुप्तता फारशी पटलेली दिसली नाही. मग जरा जवळ येऊन म्हणाली, “काकूला सांगितलं मी. खुल्या जागेचं.”

“काय म्हणाली?”

“आधी म्हणली, तुझ्या मॅडमला काय कळतंय. मंग भाकरी थापता थापता थांबली. म्हणली, पुढच्या बारीला बघू.”

“आणि काका?”

“काकाला न्हाई सांगितलं आजून.” आणि ती हसली.

निकाल लागला तेव्हा मी पास होते. वार्षिक पाठाला पडलेले गुण कोणाला सांगावेत असे नव्हते, पण पास होण्यापुरते होते. जूनमध्ये मी माझ्या जुन्या शाळेत रुजू झाले. बँकेची पुस्तकं वडिलांनी शेजारच्या मुलाला दिली.

आमची शाळा शहरातली, मुलं व्यापाऱ्यांची, डॉक्टरांची, सरकारी नोकरांची. पुस्तक इंग्रजी. मला वाटलं होतं, इथे निवडणुकीचा पाठ टाचणाप्रमाणे होईल. पहिल्याच वर्षी मी आदल्या दिवशी नावं घेतली, खोका आणला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर पुढच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “मिस, सगळं सेटल झालंय. वोटिंगची गरज नाही.” त्याने एकालाच उभं केलं होतं आणि बाकीच्यांना वाढदिवसाला बोलवायचं कबूल केलं होतं.

माझ्याबरोबरच्या शिक्षिका सांगतात, नावं आणि मतदान एकाच तासात उरकून घे, म्हणजे मुलांना संधीच मिळत नाही. बरोबर आहे, पाठ वेळेत संपतो. मी मात्र नावं आदल्या दिवशीच घेते आणि मध्ये एक मधली सुट्टी ठेवते. मग दुसऱ्या दिवशी तासाला जाते, फळ्याची उजवी बाजू कोरी सोडते, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, “कुठं बसला होतात?”